गहू वर्णाचा गोरा फोटो

स्थळासाठी पाठवायच्या फोटोत त्वचेचा रंग नैसर्गिक ठेवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. आधी राखाडी कार्डावरून व्हाइट बॅलन्स जमवायचा. लॉनवर उभे केलेल्या मुलीच्या हनुवटीखाली गवताची हिरवट झाक येते. तिथे किंचित मॅजेंटा वाढवला की ती जाते. गोऱ्या आणि सावळ्या त्वचेची मूळ रंगछटा जवळपास सारखीच असते, फरक मुख्यतः उजळपणाचा. त्यामुळे रंगाला हात लावायची फारशी गरजच नसते.

नेमका तिथेच हात लागतो. नारंगीची ल्युमिनन्स पट्टी उजवीकडे ओढली की मुलगी क्षणात ‘गोरीपान’ होते. मात्र सॉफ्टवेअरला त्वचा कळत नाही, नारंगी तेवढा कळतो. म्हणून हातावरची मेंदी आणि मागचा सागवानी दरवाजाही गोरा होतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅककडून लॅबना रंग जुळवण्यासाठी येणाऱ्या ‘शर्ली कार्डा’वर वर्षानुवर्षे गोरीच बाई असे, तेव्हा दोष कंपनीला देता येई. आता पट्टी स्टुडिओवाल्याच्या हाती आणि सूचना मामांच्या. बायोडेटात वर्ण ‘गहू’ लिहिलेला असतो, फोटोत मैदा दिसतो. कांदेपोह्यांच्या वेळी पाहुणे ट्यूबलाइटकडे संशयाने पाहतात.