कृमींचा गाळप हंगाम

दरवर्षी 10 फेब्रुवारीला बीड जिल्ह्यातल्या शाळांत राष्ट्रीय जंतनाशक दिन साजरा होतो. साजराच म्हणायचा, कारण फ्लेक्स लागतो, भाषण होतं, फोटो निघतो. 2015 पासून ही पद्धत आहे. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी, चावून खायची, अगदी लहानग्यांना अर्धी. गोळी उत्तम आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. अडचण एवढीच, की ज्यांना तिची खरी गरज ती पोरं त्या दिवशी सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात असतात. आईबाप ऊसतोडीची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेले, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परतणार. सगळीच पोरं जातात असं नाही, काही आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहंही आहेत. पण गेलेल्यांचं काय? आरोग्य खात्यानं विचार केलाय बरं का. राहिलेल्यांसाठी आठवडाभरात 'मॉप-अप दिवस' असतो. पोरगं मामाच्या गावाला गेलंय, चार दिवसांत येईल, असा खात्याचा समज दिसतो.

तिकडच्या अंगणवाडीनं द्यावी म्हटलं, तर तिकडच्या यादीत ती 'बाहेरची' आणि इकडच्या यादीत 'स्थलांतरित'. म्हणजे दोन याद्या आणि पोटात गोळी शून्य.

अंकुशकृमी या जंताला अशी यादीची भानगड नसते. धारूर, वडवणी, पाटोद्याच्या तापलेल्या मुरमाड रानात त्याच्या अळ्या करपून जातात. त्यांना ओल लागते, सावली लागते, मऊ माती लागते. बीडला ती कुठून आणायची? मग आपणच बीडचे पाय तिकडं पोचवले. बारमाही पाण्याचा फड, डोक्यावरून गेलेल्या पाल्याची सावली, आणि पाचटाच्या कोप्यांत राहणाऱ्या टोळीला संडास म्हणून तोच ऊस. ओल्या मातीत अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. आठवडाभरात अळी तयार होते आणि अनवाणी तळव्यातून आत शिरते. रक्तावाटे फुप्फुसात, तिथून घशात, गिळली गेली की आतड्यात. तिथं ठाण मांडून काही वर्षं रक्त पीत बसते. जिल्हा ओलांडला म्हणून तिला कुणी रहिवासी दाखला मागत नाही.

लोकांत अज्ञान फार, असं म्हणतात. आहेच. गूळ खाल्ला की जंत होतात, पोरगं झोपेत दात खातं म्हणजे जंतच, आणि उपाय म्हणून वावडिंग, नाहीतर मीठ-मिरच्या उतरवून टाकायच्या. आता गोडानं जंत होत असते, तर साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना आधी झाले असते.

तर हे अज्ञान घालवायला जनजागृतीचं पथक फडावर जातं. जागं करायला जावं, तर बाई पहाटे तीनपासून जागीच. मोळ्या वाहून, गाडी भरून आत्ता कुठं भाकरीला बसलेली. पथकाच्या फ्लेक्सवर एक गोबरा मुलगा नळाखाली हात धुतोय. आसपासच्या पाच-पन्नास कोप्यांत नळ काय तो तेवढाच.

"मावशी, जेवणाआधी साबणानं हात धुवायचे."

"धुते की मॅडम. पाणी तेवढं दावा."

पाणी लांबच्या विहिरीवरून कॅननं आणलेलं, ते प्यायचं. शेजारी पोरगं उभं. एका पायात चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं आवळून बांधलेला, दुसरा पाय मोकळाच पाटाच्या चिखलात. 'अनवाणी फिरू देऊ नका' हेही बाई निमूट ऐकून घेते, मान डोलावते. पथक वहीत नोंद करतं : प्रबोधन झाले.

पुढं रक्त कमी होऊन ती बाई पांढरी पडते, धाप लागते, चालताना डोळ्यापुढं अंधारी येते. दवाखान्यात जावं तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. तरी गेलीच, तर इलाज होतो पण भलत्याच अवयवाचा. बीड जिल्ह्यातच ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या इतक्या सढळ हातानं निघाल्या, की 2019 साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली. अंकुशकृमीसाठी कुणी बसल्याचं ऐकिवात नाही.

आमची एक सूचना आहे. कोणत्या कोयत्याबरोबर, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याबरोबर, किती पोरं, कुठल्या कारखान्याच्या कुठल्या फडावर, याची चोख नोंद जिल्ह्यात एकाच माणसाकडं असते. मुकादमाकडं. त्याच्या वहीतून कोयता निसटत नाही. त्या वहीवरून ट्रॅक्टर सुटायच्या आधीच गोळ्या द्याव्यात, आणि पाडव्याला माणसं उतरली की पुन्हा. आम्ही हे एका साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, टेबलावरची दिनदर्शिका उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे हो. पण त्या दिवशी राष्ट्रीय दिन नसतो."