कवटीचा कट-ऑफ

बाळाचं कपाळ मोठं दिसलं की आजी निकाल देऊन मोकळी होते: पोर हुशार निघणार! आजीला माफ आहे, तिने त्यावर प्रबंध लिहिलेला नसतो. युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांनी मात्र लिहिले, तेही तक्त्यांसकट.

फिलाडेल्फियाच्या डॉ. सॅम्युएल मॉर्टनने जगभरातून हजारभर कवट्या जमवल्या. कवटीत आधी बारीक दाणे ओतायचे, दाण्यांनी माप चुकतं असं वाटल्यावर शिशाच्या गोळ्या ओतायच्या आणि किती मावल्या ते लिहून ठेवायचं, हा उद्योग. 1839 पासून त्याचे तक्ते छापून येऊ लागले. गोरे पहिल्या बाकावर, आफ्रिकी मागच्या बाकावर; हिंदुस्थानी कवट्यांचीही सोय मागेच केलेली. मोजताना त्याने हातचलाखी केली की नाही, यावर विद्वान आजही भांडतात. नसेल केली. पण कवटीचा आकार अंगापिंडाने ठरतो, हवामानानेही ठरतो. गोळ्या किती मावतात हे त्याला कळलं, आत एकेकाळी काय शिजत होतं ते कसं कळणार?

मोठं डोकं म्हणजे मोठी अक्कल हे एकदा ठरलं, की माणसाचा पूर्वजही मोठ्या डोक्याचाच हवा. तसा तो 1912 मध्ये सापडला, आणि कुठे, तर इंग्लंडमध्येच! ससेक्समधल्या पिल्टडाऊनला चार्ल्स डॉसन नावाच्या वकिलाने खडीच्या खाणीतून माणसासारखी कवटी आणि वानरासारखा जबडा काढला. आधी मेंदू फुगला, बाकीचं शरीर मागून सुधारलं, असा पुरावाच मिळाला. दोन वर्षांनी त्याच खाणीतून हत्तीच्या हाडाचं एक हत्यार निघालं. त्याचा आकार थेट क्रिकेटच्या बॅटसारखा. आदिमानव बॅट घेऊन उतरला होता, तरीही लंडनच्या विद्वानांना शंका आली नाही.

अखेर 1953 मध्ये तपासणी झाली. कवटी अलीकडच्या माणसाची, जबडा ओरांगउटानचा. माणसाच्या वाटाव्यात म्हणून दाढा कानशीने घासलेल्या, जुनी दिसावीत म्हणून हाडं रंगवलेली. कानशीचे ओरखडे दाढांवर पहिल्या दिवसापासून होते. एक्केचाळीस वर्षं ते कुणी पाहिले नाहीत, कारण डोकं मनासारखं मोठं होतं.

या एक्केचाळीस वर्षांत खरा पूर्वज दारात ताटकळत होता. दक्षिण आफ्रिकेत टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतून 1924 मध्ये एका लहान मुलाची कवटी निघाली. शास्त्रज्ञ रेमंड डार्टने सांगितलं, मेंदू वानराएवढाच आहे, पण मज्जारज्जूचं भोक कवटीच्या तळाशी आहे, म्हणजे हे पोर दोन पायांवर सरळ चालत होतं. लंडनच्या बड्या मंडळींनी ते वानराचं पिल्लू ठरवून निकालात काढलं. डोकं लहान, वर जन्म आफ्रिकेतला. दोन विषयांत नापास.

पुढे 1973 मध्ये इथिओपियातल्या हदारला डोनाल्ड जोहान्सनला एक गुडघा सापडला. वय 30 लाख वर्षांहून जास्त, आणि सांध्याची ठेवण सरळ चालणाऱ्याची. वर्षभराने त्याच भागात ‘लूसी’ या नावाने गाजलेला सांगाडा सापडला. लूसीच्या जातीचा मेंदू आपल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. अक्कल गुडघ्यात असणं ही आपल्याकडे शिवी आहे, पण माणूसपणाची सुरुवात तिथूनच झालेली दिसते. पाय आधी सरळ झाले, डोकं फार उशिरा वाढलं.

मोजपट्टी मात्र या सगळ्या काळात कुणी खाली ठेवली नाही. सर आर्थर कीथ यांनी मानव होण्यासाठी 750 घनसेंटिमीटरचा कट-ऑफ लावला होता. टाउंगच्या पोराला नाकारणाऱ्यांत हेच पुढे होते. 1964 मध्ये लुई लीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘होमो हॅबिलिस’ला मानव वंशात घ्यायचं ठरवलं, पण मार्क कमी पडत होते. मग काय, कट-ऑफ 600 वर आणला. प्रवेश झाला, पेढे वाटले. 2003 मध्ये इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जेमतेम 400 च्या घरातला बुटका मानव निघाला, दगडी हत्यारांसकट. एवढ्याशा डोक्यात हत्यारं? काही विद्वानांनी लगेच सर्टिफिकेट दिलं: आजारी असणार! पुढे तशाच आणखी काही जणांची हाडं मिळाली. सगळं बेट कसं आजारी पडेल? शेवटी त्यालाही ‘होमो’च्या यादीत जागा मिळाली.

आता वरच्या टोकाला बघा. निअँडरथलचा मेंदू आपल्याएवढा, कित्येकदा आपल्याहून मोठा. फ्रान्समधल्या ला शापेलच्या म्हाताऱ्याचा 1600 घनसेंटिमीटरच्या आसपास, आपली सरासरी 1350 च्या घरात. पण मोठ्या डोक्याचा निअँडरथल निघाला की ‘आकार हेच सगळं नसतं’ हे तत्त्व आपल्याला चटकन आठवतं. फ्लोरेसच्या वेळी ते कुठे गेलं होतं?

मेंदू वाढला हे खोटं नाही. वीस-तीस लाख वर्षांत तो जवळजवळ तिप्पट झाला, आणि फुकट झाला नाही. शरीराच्या वजनाचे दोन टक्के, पण बसल्याजागी वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. एवढं पोसायचं तर कमाईही तशीच लागते. मात्र कमाई नुसत्या आकारावर ठरत नाही. हत्तीच्या मेंदूत 257 अब्ज चेतापेशी, आपल्यात 86 अब्ज. पण हत्तीच्या बहुतेक सगळ्या लहान मेंदूत, म्हणजे अनुमस्तिष्कात. विचार करणाऱ्या बाहेरच्या थरात त्याच्या साडेपाच अब्जांच्या आसपास, आपल्या सोळा. हा हिशेब ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हुझेल यांनी मेंदूचं चक्क पातळ कालवण करून, त्यातल्या पेशी मोजून लावला. शिशाच्या गोळ्यांपेक्षा बरी पद्धत.

आणि माणसामाणसांत? मेंदूचा आकार आणि बुद्ध्यंक यांची सांगड आहे, पण फिकी. बुद्ध्यंकातल्या फरकाचे शंभर भाग केले तर आकाराच्या वाट्याला सहाच्या आसपास येतात. लेखक तुर्गेनेव्हचा मेंदू 2012 ग्रॅम भरला, नोबेल मिळवणाऱ्या अनातोल फ्रान्सचा 1017. दोघांच्या कादंबऱ्या लोक वाचतात, वजनकाट्यावर ठेवत नाहीत.

म्युनिकच्या प्राध्यापक थिओडोर फॉन बिशॉफला हे कोण सांगणार! बायकांचा मेंदू पुरुषांपेक्षा हलका, सबब त्यांनी वैद्यकी शिकू नये, असं त्याने 1872 मध्ये छापलं. तो 1882 मध्ये वारला, तेव्हा त्याचाही मेंदू काट्यावर चढला. भरला 1245 ग्रॅम, त्याने स्वतः काढलेल्या पुरुषांच्या सरासरीहून शंभरेक ग्रॅम कमी. त्यानंतर चार वर्षांनी, मॉर्टनच्याच फिलाडेल्फियात, आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. परीक्षकांनी त्यांचा प्रबंध तपासला होता.