बीचिंगच्या नावानं
ब्रिटनमधल्या गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोटं मोडायला एक नाव कायमचं मिळालंय, डॉ. बीचिंग. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष असताना त्यांनी अहवाल दिला आणि २,३६३ स्टेशनं बंद करायची शिफारस केली. तेव्हाचे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे एक संस्थापक, हा निव्वळ योगायोग समजावा. पण आज ‘आमचं स्टेशन’ म्हणून गहिवरणाऱ्या किती आजोबांनी त्याच सुमारास हप्त्यावर मोटार घेतली होती, हे कोण विचारणार? कोपऱ्यावरच्या पबचंही तेच. त्याच्या आठवणी निघतात त्या घरच्या सोफ्यावर, सुपरमार्केटातल्या स्वस्त बिअरचा कॅन फोडून. पब बंद व्हायच्या रात्री निरोपाला मात्र अख्खं गाव लोटतं. त्यातले निम्मे एरवी आले असते, तर कुलूप लावायची वेळच आली नसती.