नऊ माळांत देवीदर्शन : नवशिक्यांसाठी

नवरात्रात नगरला देवीला जायचं म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचू नये. ते एव्हाना रांगेत मध्येच घुसलेही असतील. बाकीच्यांसाठी हा अभ्यासक्रम. रोज एक माळ, दसऱ्याला निकाल.

पहिली माळ : पत्ता. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बोलताना 'नगर' म्हटलंत तरी रिक्षावाला तिथंच सोडतो. मात्र 'रेणुकामाता मंदिर कुठं आलं?' असं विचारू नका, लगेच बाहेरगावचे ठरता. 'केडगावची देवी' म्हणायचं. केडगाव महापालिकेत गेलं, पुणे रस्त्याला लागून उपनगर झालं, पण देवी अजून गावाचीच आहे.

दुसरी माळ : वेळ आणि पाय. पहाटे चारला निघायचं ठरवावं, म्हणजे सहाला निघणं होतं. तोवर गल्लीतल्या बायका अनवाणी जाऊन परतीला लागलेल्या असतात. त्यांचं बघून पहिल्याच वर्षी चपला घरी ठेवू नका. पहाटेचं डांबर गार असतं. उन्हं चढल्यावर नसतं. नवस बोलताना परतीचा रस्ता कुणी हिशेबात धरत नाही.

तिसरी माळ : ओटी. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या. नारळ कानाशी हलवून पाहावा, पाणी वाजलं पाहिजे. नारळातलं काही कळत नसलं तरी हलवावा. दुकानदार जरा वचकून राहतो. ओटी भरताना शेंडी देवीकडे. हे विसरलात तर मागची अनोळखी मावशी हात धरून नारळ फिरवून देईल. तिला फी नाही.

चौथी माळ : चपला. 'चपला ठेवा, पैसे नाहीत' असं म्हणणाऱ्या दुकानापाशी ठेवाल, तर ओटीही तिथूनच घ्यावी लागेल. पैसे खरंच चपलांचे नसतात.

पाचवी माळ : रांग. शेजारी एक आजी येऊन 'बाळा, जरा टेकू दे रे' म्हणेल. टेकू द्या. पाच मिनिटांनी आजीचा मुलगा पाण्याची बाटली घेऊन येईल. मग सून, दोन नातवंडं आणि नातवंडांचे मित्र. तुम्ही होता तिथंच असाल, पण सात माणसं मागे.

सहावी माळ : गाभारा. इथं बहुतेक नवशिके नापास होतात. दोन तास जिला बघायला उभं राहायचं, ती समोर आली की हात जोडून डोळे मिटायचे! उघडावेत तर 'चला, पुढे चला' म्हणत कुणीतरी खांद्याला धरून बाहेरच्या दाराशी नेलेलं असतं. म्हणून आधी डोळे भरून बघा. मागणं रांगेतच तयार ठेवा. पाऊस, कांद्याचा भाव आणि पोरीचं लग्न एका वाक्यात बसलं पाहिजे.

सातवी माळ : डोंगर. केडगाव जमलं की पाथर्डी तालुक्यातला मोहटा. तिथंही रेणुकाच, पण गडावर. वरचे सगळे नियम लागू, फक्त धाप लागलेली.

आठवी माळ : ओळख. 'आत आपला माणूस आहे' असं म्हणणारा प्रत्येक नगरकराच्या घरात एकजण असतो. त्याच्या भरवशावर मी एकदा बाजूच्या दाराशी तासभर उभा होतो. 'आपला माणूस' फोन उचलेना. रांगेतली आजी तेवढ्यात दर्शन घेऊन आली आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवून गेली.

नववी माळ : बुऱ्हाणनगर. भिंगारच्या पुढे हे गाव. जानकोजी नावाच्या तेली भक्ताच्या घरी देवी लहान मुलगी होऊन राहिली, अशी कथा इथं सांगतात. तुळजापूरची भवानी दसऱ्याला सीमोल्लंघन करते, ते इथून गेलेल्या पालखीत बसून. त्यानंतर ती कोजागरीपर्यंत ज्या पलंगावर निजते, तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून निघून नगरमार्गेच तुळजापूरला जातो. एवढी जगदंबा, पण तिलाही नगरहून पालखी यायची वाट बघावी लागते. आणि ज्यांचा हा मान, ते बाजूच्या दारानं आत शिरत नाहीत. ते ओझं घेऊन पायी चालतात.

दसरा : निकाल. यंदा कुणी 'आत ओळख आहे, चल' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, 'पालखीला खांदा कधी दिला होतास?' आणि मुकाट्यानं रांगेत उभे राहा. आजी आली तर टेकू द्या.