तीस अंशांच्या आत

ज्याच्या दारात पंधरा वर्षे उलटलेली मोटार उभी आहे, त्याच्या शेजारी एक आबासाहेब असतातच. त्यांची निराळी ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. कोषागारातून निवृत्त झालेले आमचे आबासाहेब स्वतः मोटार बाळगीत नाहीत, परंतु आमची जुनी फियाट पासिंगला न्यावयाची आहे, ही वार्ता कानी पडताच बॅटरी, चिकटपट्टी, रकाने आखलेली वही आणि नातवाच्या कंपासपेटीतील कोनमापक घेऊन ते हजर झाले आणि मयताचा पंचनामा करावयास आल्यासारख्या गांभीर्याने म्हणाले, "चाके सरळ करा. आणि कोणी बोलू नका."

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९८ वा नियम त्यांना मुखोद्गत आहे. स्टेअरिंगमधील मोकळीक ३० अंशांहून अधिक असू नये आणि सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात, असे तो नियम सांगतो. परंतु आबासाहेबांनी त्याची हुकमत मोटारीपुरती ठेवलेली नाही. नळ सातऐवजी आठला आला, तर घड्याळाचा तासकाटा बोटाने दाखवून ते म्हणतात, "एक तास म्हणजे तीसच अंश. कायद्यात बसते." माझा भाचा जेवणास दोन तास उशिरा आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे न पाहताच निकाल दिला, "साठ. नापास!" आमचे फाटक, त्यांच्या व्याह्यांचा शब्द, नगरसेवकांची आश्वासने, सर्वांची मोजदाद त्यांच्यापाशी अंशांत आहे.

आमच्या फियाटचे ३६ भरले. मग मी आत बसून चाक किंचित डावी-उजवीकडे हलवावयाचे आणि आबासाहेबांनी गोणपाटावर उताणे पडून, प्रत्येक सांध्यावर हात ठेवून, त्याची जबानी घ्यावयाची, असा क्रम सुरू झाला. "हलवा. थोडे. अहो, थोडे म्हणजे थोडे!" जॅकवर उचललेले चाक त्यांनी वरखाली धरून हलविले, तेव्हाही ते डुलले, परंतु नातवाला ब्रेक दाबावयास लावताच ते डुलणे थांबले, म्हणून त्याबद्दल बेअरिंगवर ठपका बसला. मुख्य गुन्हेगार निघाला तो उजवा टाय रॉड एंड: रबरी टोपी फाटलेली, ग्रीस वाळलेले आणि आतला गोळा खोबणीत खुशाल फिरणारा.

"स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतो, पाच मिनिटांचं काम," असे मेकॅनिक म्हणाला मात्र, आबासाहेब गाडीखालून कडाडले. गाडीचा बहुतेक जन्म सरळ जाण्यात सरत असल्यामुळे बॉक्स मध्यावरच अधिक झिजतो, तो तेथल्या मापाने आवळला तर वळणावर अडेल, हे त्याला बजावून ते म्हणाले, "कसूर एकाची आणि कान दुसऱ्याचा पिळता?" नवा टाय रॉड एंड आला, स्प्लिट पिन बसली, बेअरिंगचा नट आवळला गेला, अलाइनमेंट झाली. रविवार मात्र गेला.

अशा माणसाचा राग यावयास हवा होता. परंतु ज्या हाताला लोखंडातली केसाएवढी मोकळीक कळत होती, त्याच हातात बाहेर आल्यावर चहाची कपबशी एकसारखी वाजू लागली. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते म्हणाले, "तिसाच्या आत आहे हो." त्यानंतर आमच्याकडे त्यांना चहा पेल्यात मिळतो, तोही अर्धाच भरून, या फेरफाराची नोंद मात्र त्यांनी वहीत केलेली नाही.

पासिंगच्या मैदानावर निरीक्षकांनी चासी नंबर पाहिला, हॉर्न वाजविला, दिवे लावावयास सांगितले आणि स्टेअरिंगला बोटही न लावता सही ठोकली. मी कागद खिशात घालणार, तोच आबासाहेब कोनमापक पुढे करून उभे राहिले.

"साहेब, मोकळीक मोजायची राहिली."

"आजोबा, पास केली ना गाडी?"

"पास केलीत. तपासली नाहीत."

मागे रिक्षांची रांग भोंगे वाजवीत असताना त्या सरकारी अंमलदाराने निमूटपणे चाक हलविले. आबासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला, "अकरा," आणि वही उघडून त्या आकड्यासमोर निरीक्षकांची सही घेतली, दिनांकासह.