वापरकर्त्यात सुधारणा हवी

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये काय सुधारणा हव्यात, असं कंपन्या अधूनमधून अदबीनं विचारतात. आणि आपला माणूस बाह्या सरसावून लिहितो काय, तर "पूर्वी होतं तसं करा." ही काय सूचना झाली? त्या ब्राउझरवर फौजेनं इंजिनीअर बसलेत, डिझायनर बसलेत, त्यांच्या डोक्यावर मॅनेजर बसलेत. पूर्वी होतं तसं ठेवलं तर मार्चमध्ये त्यांनी पगारवाढ कशाच्या जिवावर मागायची?

२०२१ची गोष्ट घ्या. त्या जूनमध्ये ॲपलनं आयफोनच्या सफारीतली पत्ता लिहायची पट्टी वरून उचलून खाली आणली, आणि तीही तरंगती. हेतू उदात्त होता. फोन दरवर्षी लांब होत चाललेत, अंगठा मात्र आजोबांकडून आला तेवढाच राहिलाय. पण चाचणी आवृत्ती हातात पडलेल्यांनी गिल्ला केला. पान रिफ्रेश करायचं बटण एका मेन्यूच्या पोटात गेलं होतं, तेवढ्यावरून! कंपनीनं पट्टी जरा सरकवली, मग आणखी जरा. सप्टेंबरमध्ये आयओएस १५ बाहेर पडली तेव्हा सेटिंगमध्ये सोय होती : पट्टी हवी तर वर घ्या, हवी तर खाली. जगातल्या निवडक मेंदूंनी उन्हाळाभर खपून काढलेला निष्कर्ष असा, की ज्याला जिथं हवी तिथं असू दे. गूगल या बाबतीत घाई करत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये खालच्या पट्टीचा प्रयोग त्यांनी फार आधी केला, मग गुंडाळला आणि २०२५ साली पट्टी खाली नेण्याची सोय थाटामाटात जाहीर केली. तोवर लोकांचे अंगठे आपोआप लांब होतील, अशी आशा असावी.

फायरफॉक्सनं तर अख्ख्या इमारतीचाच पुनर्विकास केला. ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरचा जुना वाडा पाडून नवा टॉवर उभा राहिला. लिफ्ट जोरात पळते, हे मान्य करायलाच हवं. फक्त जुने रहिवासी सामान घेऊन आले, तेव्हा कळलं की पूर्वी मनाला येईल ते एक्स्टेन्शन आणता यायचं, आता सुरुवातीला मोजून नऊच आत येणार. बाकीच्यांना ताबा कधी? दार सर्वांसाठी उघडलं डिसेंबर २०२३ मध्ये. मुंबईकरानं हे ऐकून तीनच वर्षांत ताबा मिळाला म्हणून पेढे वाटले असते. फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी अभिप्रायात एकेक चांदणी दिली. कृतघ्नपणा, दुसरं काय.

या चांदण्यांचंही एक शास्त्र आहे. निकालाच्या दिवशी बोर्डाचा सर्व्हर गर्दीनं आडवा होतो, चांदणी ब्राउझरची कापली जाते. सातबारा उघडला नाही, कापा. पाच चांदण्या देणारा तर "नाइस" एवढं लिहून मोकळा होतो. त्यावर कंपनीनं सुधारायचं काय? आणि हमखास येणारी मागणी म्हणजे जाहिराती बंद करा. ही मागणी जाते गूगलकडे, ज्याचा संसारच जाहिरातींवर चाललाय आणि ज्यानं फोनवरच्या क्रोममध्ये जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शनं बसवायला जागाच ठेवलेली नाही.

पट्टी वर की खाली यावर महायुद्ध झालं, पण पट्टीत आपण जे टाइप करतो ते कुणाच्या घरी जावं, हा प्रश्न अभिप्रायाच्या चौकटीत कधी दिसला का? तो चांदण्यांनी सुटत नसतो. सफारीत आपोआप आपलंच सर्च लागावं म्हणून गूगलनं एकट्या २०२२ मध्ये ॲपलला सुमारे दोन हजार कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. आपल्याला मात्र विचारतात, रंग आवडला का?

क्रोमच्या इन्कॉग्निटोत, म्हणजे गुप्त खिडकीतही, माहिती गोळा होते म्हणून २०२० मध्ये गूगलवर खटला झाला. २०२४ मध्ये गूगलनं साठवलेली माहिती नष्ट करायचं कबूल केलं आणि त्या काळ्या पानावरचा मजकूरही बदलला. आता तिथं लिहिलंय की संकेतस्थळं, आणि गूगलसुद्धा, माहिती पूर्वीसारखीच गोळा करणार. म्हणजे "पूर्वी होतं तसं" ही मागणी अगदीच फुकट गेली, असं म्हणता येत नाही.

खरा अभिप्राय द्यावा तो क्रोमनं. टॅब शंभरावर गेले की अँड्रॉइडवर तो आकडा मोजायचं सोडून देतो आणि तिथं एक हसरा चेहरा दाखवतो. इतका सभ्य शेरा आम्हाला शाळेत कुणी दिला नाही. याच धर्तीवर ब्राउझरनाच आपला अभिप्राय लिहू द्यावा. नमुना आम्ही तयार केला आहे : "वापरकर्ता मंद आहे. भल्यामोठ्या जाहिरातीतली बारकी फुली त्याला सापडत नाही. प्रत्येक साइटच्या नोटिफिकेशनला 'अलाऊ' म्हणतो आणि मग रात्री दोनला फोन का वाजतो म्हणून माझ्यावर ओरडतो. अटी न वाचता मान्य करतो, त्यामुळे सोसतो आहे. गेल्या तीन अपडेटनंतरही काही फरक नाही."