सात भोकांचे सतरा हजार

तीर्थस्वरूप घरमालक काका यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपला माजी भाडेकरू नव्या घरी सुखरूप पोचला. वाटेत तुळशीची कुंडी तेवढी फुटली, पण ती त्याची स्वतःचीच असल्यामुळे कुणी पैसे कापले नाहीत. हे पत्र त्याला असं चारचौघांत लिहावं लागतंय, कारण त्याच्या मेसेजवर आपल्याकडून ब्लू टिक येते आणि त्यापुढे काही येत नाही. पूर्वी असं नव्हतं. महिन्याच्या एक तारखेला भाडं जमा व्हायला दुपार झाली, तर साडेबारालाच आपला ‘गुड आफ्टरनून’ यायचा, गुलाबाच्या फुलासह.

गेल्या महिन्याच्या तीस तारखेला, खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत असताना, आपण कर्वेनगरातल्या त्या वन बीएचकेच्या भिंती मोबाइलचा टॉर्च लावून तपासल्यात. इतकं निरखून आपण मुलीसाठी स्थळही पाहिलं नसेल. हॉलमध्ये चार, बेडरूममध्ये दोन, स्वयंपाकघरात एक, अशी एकूण सात भोकं सापडली. प्रत्येकात आपण करंगळीचं नख घालून खोली मोजलीत, “च्च” केलंत आणि खिशातल्या चिठोऱ्यावर रेघ मारलीत. भाडेकरूची बायको तेवढ्यात रिकाम्या ओट्यावर शेवटचा चहा करत होती. तिनं आपल्याला पहिला कप दिला. आपण घेतलात. मग चिठोरं पुढे केलंत.

डिपॉझिट ६०,००० रुपये. वजा रंगकाम १७,०००, साफसफाई २,५००, गिझर सर्व्हिसिंग १,२००, हरवलेली एक किल्ली ३००. परत ३९,०००.

किल्ली त्यानं खरंच हरवली होती, त्याबद्दल तक्रार नाही. गिझर पहिल्या दिवसापासून गळायचा आणि शेवटच्या दिवशीही गळत होता. त्यानं सातत्य राखलं, असं म्हणून तेही सोडून देऊ. साफसफाईसाठी कापलेत, पण आदल्या रात्री एक वाजेपर्यंत नवरा-बायकोनं फरशी घासली होती. असू दे. त्याला खरी बोचलीत ती सात भोकं. सतरा हजार म्हणजे एका महिन्याचं भाडं. भागिले सात केलं तर भोकाला २,४२८ रुपये पडतात. एवढ्या पैशांत हार्डवेअरच्या दुकानातून खिळे आणायचे ठरवले असते, तर न्यायलाही टेम्पो लागला असता.

बरं, ही सात भोकं कोणाकोणाची? हॉलमधल्या दोहोंच्या आत क्रीम कलरचा रंग आहे. ज्या भोकाच्या आत रंग बसलाय ते रंगाच्या आधीचं, हे कळायला फॉरेन्सिक लॅब लागत नाही. टॉर्च पुरतो, आणि तो आपल्याच हातात होता. उरलेल्यांपैकी एक घड्याळाचं, एक गणपतीच्या तसबिरीचं, एक आरशाचं आणि एक वायफायच्या डब्याचं. ही चार त्याला कबूल आहेत. सातवं मात्र, काका, आपलं आहे. दर जानेवारीत आपण पतसंस्थेचं फुकट मिळालेलं कॅलेंडर घेऊन यायचात. पहिल्या वर्षी “स्वयंपाकघरात कॅलेंडर नाही म्हणजे काय?” असं म्हणत आपणच खिळा मागितलात. हातोडी मिळेना, तेव्हा खलबत्त्यातल्या बत्त्यानं तो आपण स्वहस्ते ठोकलात. बत्त्यावर त्याची खूण अजून आहे. भिंतीवरच्या खुणेचे पैसे आपण घेतलेत, बत्त्यावरच्या खुणेचे कोणी द्यायचे?

अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक कलम आहे. नेहमीच्या वापरानं होणारी झीज वगळता जागा मूळ स्थितीत परत करावी, असं त्यात लिहिलंय. त्यातलं ‘मूळ स्थितीत’ आपल्याला पाठ आहे. ‘वगळता’ या शब्दावर बहुधा आपलं बोट असावं. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले, म्हणजे तेहतीस महिने. रंग त्याच्याही आधीचा. भिंतीवर एकही खिळा न ठोकता, घड्याळ हातात धरून आणि गणपती कपाटात कोंडून तो तेहतीस महिने राहिला असता, तरी त्या भिंती पिवळ्या पडल्याच असत्या.

आता त्या अकरा महिन्यांविषयी. दर वेळी ही कवायत कशासाठी, असं त्यानं एकदा विचारलं होतं. “कायदाच आहे तसा,” असं आपण म्हणालात. नाही हो. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती. ती चुकवायला लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नं ती पळवाटच बुजवली. करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. ती न पाळल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्रांक शुल्काचा ०.२५ टक्क्यांचा दरही साठ महिन्यांपर्यंत तोच. एकदाच पाच वर्षांचा करार करून मोकळं होता आलं असतं. पण दर अकरा महिन्यांनी हजार रुपये भाडं वाढवायचा मुहूर्त मग कुठून आला असता? नोंदणीची जबाबदारी मालकाची असूनही तिचा खर्च मात्र दर वेळी निम्मा-निम्मा झाला, हेही इथे नोंदवून ठेवू.

गंमत अशी की कायद्याच्या भाषेत तो आपला भाडेकरू कधी नव्हताच. ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे परवानगी. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातली लायसन्सची व्याख्या त्याला लागू होते: दुसऱ्याच्या जागेत अमुक एक करायची मुभा, जागेत हक्क कसलाच नाही. म्हणजे तेहतीस महिने तो परवानगीनं अंघोळ करत होता, परवानगीनं झोपत होता. ही परवानगी मिळवताना त्याला द्यावी लागलेली उत्तरं आपल्याला आठवत असतील. लग्न झालंय का, मूळ गाव कुठलं, दोघंही नोकरी करता तर घरात दिवसभर कोण असतं. आणि ते अजरामर वाक्य: “अंडं चालेल हो, पण वास नको.”

माळ्याचं कुलूप हे आणखी एक. भाडं पूर्ण वन बीएचकेचं, पण स्वयंपाकघराच्या वरचा माळा आपला. चावी आपल्याकडे. भाडेकरूच्या बॅगा पलंगाखाली, आणि आपलं सामान माळ्यावर बिनभाड्यानं. शेवटच्या दिवशी ते उतरवायला आपला गुडघा साथ देईना, म्हणून शिडीवर तोच चढला. तांब्याचा बंब, बिनपात्यांचा टेबलफॅन, दिवाळी अंकांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे, आणि एका पत्र्याच्या पेटीत भाड्याच्या पावत्यांची जुनी पुस्तकं. वरचं पुस्तक त्याच्या हातातून सटकून उघडं पडलं. शनिवार पेठेतल्या वाड्याचा पत्ता, खाली आपल्या वडिलांची सही, आणि रक्कम, दरमहा अठरा रुपये.

तेव्हा आपण चिठोरं खिशात घातलंत आणि टेम्पोवाल्याला दहा मिनिटं थांबायला सांगून जे बोललात, ते तेहतीस महिन्यांत कधी बोलला नव्हतात. वाड्यात सहा बिऱ्हाडं. सगळ्यांचं मिळून महिन्याला १०८ रुपये. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला त्याच्या कितीतरी पट खर्च. भाडं वाढवायची सोय नव्हती, कारण १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा पुण्यालाही लागू होता आणि त्यातलं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला खुंटीसारखं बांधलेलं. लढाईच्या काळातला आकडा, पुढे पन्नासहून जास्त वर्षं तोच. ही भाडी अशी गोठवून ठेवणं अवाजवी झालंय, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हणेपर्यंत १९९७ उजाडलं. १९९९ चा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. अठरा रुपयांवर चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे! हा हिशेब सांगताना आपण हसलात. तसं हसताना भाडेकरूनं आपल्याला पहिल्यांदा पाहिलं. वाड्याची मागची भिंत एका पावसाळ्यात बसली. बिऱ्हाडं हलायला तयार नव्हती, आणि वाडा शेवटी बिल्डरला द्यावा लागला तेव्हा सर्वांत कमी आपल्याच हाती आलं. त्यात निवृत्तीचे पैसे घालून हा वन बीएचके घेतलात, तेव्हा भाड्यानं देताना आपला हात थरथरणारच. भारतातल्या शहरांत २०११ च्या जनगणनेनं एक कोटीहून जास्त घरं रिकामी मोजली. त्यातली किती अशा थरथरत्या हातांनी कुलूप लावून ठेवली असतील, कोण जाणे. आपण निदान दार तरी उघडलंत.

आणि तो अंगठा. दुसऱ्या कराराच्या वेळी एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला होता. भाडेकरूचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. आपला लागेना. आपण शर्टाला पुसून लावलात, ओल्या फडक्यानं पुसून लावलात, मग दुसरं बोट, मग तिसरं. यंत्र आपलं लाल दिवा दाखवत राहिलं. “वयानं रेषा जातात, काका,” एजंट म्हणाला. आपण काही बोलला नाहीत. आपल्याच घराच्या कागदावर आपली ओळख पटायला सातवा प्रयत्न लागला. ते आठवलं की भाडेकरूचा राग निम्मा होतो. साडेआठ हजारांवर येतो म्हणा.

पण पुढचं ऐका. घर सोडल्यावर आठव्या दिवशी भाडेकरूच्या ऑफिसातला एक मुलगा कर्वेनगरात वन बीएचके शोधत होता. त्याला ब्रोकरनं फोटो पाठवले आणि त्यानं ते यालाच दाखवले: जागा बरी वाटते का? हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. भाडं १९,०००. फोटो ताजे, कारण खिडकीत त्यानं विसरलेला हिरवा मग दिसतोय. आणि हॉलच्या भिंतीवर, घड्याळ होतं त्या जागी, ते भोक. बाजूला गणपतीचं. त्याच क्रीम भिंती, तेच पिवळे डाग. ब्रोकरनं खाली लिहिलं होतं, ‘रेडी टू मूव्ह’.

रंग दिलाच नाहीत, काका! द्यायचाच नव्हता. सतरा हजार भिंतीसाठी नव्हतेच. ते घेता येतात म्हणून घेतलेत. पैसे आपल्या खात्यात, सामान टेम्पोत, खाली हॉर्न, आणि नव्या घराचा मालक दोनच्या आत चावी न्या म्हणून मागे लागलेला. अशा वेळी माणूस भांडत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक होतं. एवढ्याशा रकमेसाठी वकील, नोटीस आणि तारखा कोणी करत नाही, हेही ठाऊक होतं. अठरा रुपयांत राहिले ते दुसरे लोक. त्यांचं उट्टं आपण त्या माणसावर काढलंत, ज्यानं एकही भाडं चुकवलं नाही, सोसायटीनं आपल्याला लावलेलं बिनभोगवटा शुल्क निमूट भरलं आणि आपला बंब शिडीवर चढून उतरवून दिला. घाबरायचं म्हटलं तरी आता कारण उरलेलं नाही. मुदत संपूनही परवानाधारक हलला नाही, तर १९९९ च्याच कायद्याचं कलम २४ आपल्याला दुप्पट भरपाई मिळवून देतं. कायदा आपल्या बाजूला येऊन पाव शतक झालं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असं म्हटलंय. त्या हिशेबानं, शेवटचं भाडं धरलं तरी, आपण घ्यायला हवे होते फार तर ३४,०००. पण तो राज्यानं स्वीकारला तरच लागू, तेव्हा आपण निश्चिंत असावं.

ऑफिसातल्या मुलाला भाडेकरूनं काय सांगितलं, हे आपण विचारालच. जागा हवेशीर आहे, पाणी दोन्ही वेळ येतं, मालक रोज त्रास देत नाहीत, असं सगळं खरं सांगितलं. फक्त आत जायच्या आधी भिंतींचे फोटो तारखेसकट काढून ठेव, म्हणाला. भोकं पाच नाहीत, सहा नाहीत, सात आहेत.

कळावे. लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
माजी परवानाधारक

ता. क. : सामान लावताना त्याच्या फायलींत आपल्या नावाचं एक पाकीट निघालं, पेन्शनच्या बँकेचं. फोडलेलं नाही, पण वर ‘हयातीचा दाखला’ असा शिक्का दिसतोय, आणि तो नोव्हेंबर संपायच्या आत द्यावा लागतो. टपालानं पाठवायला त्याचा जीव होत नाही. रविवारी सकाळी दहाला तो स्वतः घेऊन येईल. बँकेतही अंगठा लागला नाही तर त्याच्या बायकोच्या ओळखीचे तिथे एक जण आहेत, ती त्यांच्याशी बोलून ठेवेल. आपण रंगाची पावती काढून ठेवावी.